तिसरा खिळा

सत्तावीस वर्षं या शाळेचा बॉयलर मी सांभाळतो,
आणि ऑक्टोबरातल्या एका शनिवारी
व्यायामशाळेबाहेरच्या भिंतीत खिळे ठोकतो,
गावासाठी झिजलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या तसबिरींसाठी.
इथली वीटही खाणीच्या रंगाची.
ड्रिल लावलं की मनगटापर्यंत गंज उडतो.

यंदा दोन खिळे सांगितले होते.

पहिला लेम्पी कार्व्होनेनचा.
एकतीस वर्षं तिनं गावची अ‍ॅम्ब्युलन्स चालवली, बिनपगारी.
नवऱ्याला माती दिली त्या संध्याकाळीसुद्धा
काळ्या झग्यावरच गाडी काढली,
कारण पलीकडच्या शेतावर एक पोर अडली होती.
तेव्हा जन्मलेला मुलगा आज बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होता.
वाईट वाजवत होता. लेम्पीनं त्याच्याच बाजूला तोंड करून टाळ्या वाजवल्या.

दुसरा रुडी झुपांचिचचा.
खाण बंद पडली तसं वाचनालयही बंद करायला निघाले,
तेव्हा यानं सगळी पुस्तकं आपल्या गॅरेजात नेली
आणि ट्रक नऊ हिवाळे बाहेर बर्फात उभा केला.
भाषणात एवढंच म्हणाला,
"ट्रक तसाही भंगारच होता."

वेइको शेवटच्या रांगेत, टोपी गुडघ्यावर, केक संपवत होता.
आम्ही एका वर्गात होतो, दहावीच्या फेब्रुवारीपर्यंत.
मग त्याचे वडील खाणीतून वर आले नाहीत
आणि त्याचं दप्तर शाळेत आलं नाही.

मी मे महिन्यात त्याचं नाव समितीला दिलं होतं.
परत आलं. नियम साधा आहे,
शाळा पूर्ण केलेली हवी.
शिवाय ओस्टबी बाई जरा अवघडून म्हणाल्या,
"केलं काय, म्हणून लिहायचं त्यांनी?"

मला लिहिता आलं नाही.
डिसेंबर लागला की तो उजाडायच्या आत तळ्यावर जातो,
वीस-वीस पावलांवर बर्फाला भोक पाडतो,
पट्टी सोडतो, फिनिशमध्ये काहीतरी पुटपुटतो,
आणि जिथे बर्फ माणसाला पेलेल
तिथे स्प्रूसच्या फांद्या रोवत
पार समोरच्या काठाला लागतो.
त्या हिरव्या रेघेवरून पोरं शाळेत येतात,
म्हातारे चर्चला, दारुडे घरी.
चाळीस हिवाळे.
केलं काय? काही घडू दिलं नाही.
न बुडालेल्यांची यादी
कोणत्या कचेरीत मिळते, बाई?

म्हणून दुपारी, कुणी नसताना,
मी तिसरा खिळा ठोकला.

निघताना वेइको भिंतीपाशी थांबला.
लेम्पीची तसबीर पाहिली, रुडीची पाहिली,
मग त्या रिकाम्या खिळ्याला दोन बोटं अडकवून
हळूच भार टाकला, सवयीनं.
"पेलेल," म्हणाला,
आणि कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून गेला.

रात्री खुर्च्या आवरल्या.
एरवी मी मोजत नाही.
दोनशे बारा. सगळ्या बसलेल्या.
काही अजून कोमट असाव्यात असं वाटलं,
पण ते बॉयलरमुळेही असेल.

सोमवारी बाईंनी विचारलं, "हा कशाला?"
"चुकून ठोकला."
"काढून टाका."
"टाकतो."

आता जानेवारी आहे. पारा उणे एकतीस.
सकाळी तळ्यापलीकडची पोरं धावत आत शिरतात,
आणि त्यातलं एखादं त्या खिळ्यावर
हातमोजा अडकवून वर्गात पळतं.
तो तिसऱ्या तासापर्यंत ठिबकत राहतो.
मी फडकं घेऊन येतो.
खाली साचलेलं पाणी पुसतो.